आईच्या आजारपणातला राग आणि माफ करण्याची घाई

वाचकाचं पत्र (संक्षिप्त): आईच्या शेवटच्या चौदा महिन्यांत तिचं सगळं मीच केलं. नोकरी अर्धवेळ करून घेतली, रात्री-अपरात्री उठले, डॉक्टर, औषधं, कागदपत्रं सगळं सांभाळलं. मोठा भाऊ दुसऱ्या शहरात. तो फोन करायचा, मध्ये दोनदा येऊन गेला. आई गेल्यावर मात्र सगळ्या नातेवाइकांसमोर तो म्हणाला, "ती घरीच होती ना, तिला वेगळं काय करावं लागलं?" याला तीन वर्षं झाली. गेली दोन वर्षं मी रोज सकाळी वीस मिनिटं माइंडफुलनेसचा, म्हणजे शांत बसून आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचा, सराव करते. डोळे मिटले की पाच मिनिटांत तेच वाक्य आठवतं आणि मनात भांडण सुरू होतं. मैत्रिणी म्हणतात, 'माफ करून टाक, तुझ्याच तब्येतीसाठी.' मनातल्या मनात कितीदा 'माफ केलं' म्हटलं, पण त्याचा फोन आला की छाती धडधडायला लागते. सहा आठवड्यांनी घरातलं लग्न आहे, तो येणार. वडील थकलेत, ते माझ्याकडेच असतात. माझा सराव चुकतोय का? की माझ्यात माफ करण्याची ताकदच नाही?

उत्तर:

ताई, सरावात एक दुरुस्ती हवी आहे, ती पुढे सांगते. पण माफ करण्याची ताकदच नाही, हा निष्कर्ष मला मान्य नाही. चौदा महिने अंग मोडून केलेली सेवा, त्यावर आईचं जाणं आणि ते दुःख ताजं असतानाच त्या सगळ्या कष्टांची किंमत शून्य ठरवणारं एक वाक्य, तेही चारचौघांत. असं झालं तर कुणाचाही राग टिकेल. त्या वाक्याबद्दल तुम्ही भावाशी आजवर एकदाही बोलल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. ती गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

तुम्ही ज्याला एक राग म्हणता त्यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली, अंगात उठणारा ताप: धडधड, आवळलेला जबडा, गरम झालेले कान. दुसरी, मनात चालणारी उजळणी: तो काय म्हणाला, मी काय म्हणायला हवं होतं, पुढच्या वेळी काय म्हणेन. तिसरी, रागाच्या मुळाशी असलेली खरी मागणी: मी केलं ते मान्य करा, आणि वडिलांच्या वेळी पुन्हा तसंच होऊ देऊ नका. डोळे मिटून बसण्याचा उपयोग पहिल्या गोष्टीला चांगला होतो, दुसरीला काही प्रमाणात होतो. तिसरीला अजिबात होत नाही. तिला बोलावं लागतं, ठरवावं लागतं. दोन वर्षं तुम्ही तिन्हींवर एकच औषध लावत आहात, आणि तिसरीला गुण येत नाही म्हणून स्वतःला नापास करत आहात.

आधी सकाळच्या वीस मिनिटांबद्दल. माइंडफुलनेसचा आज सगळीकडे चालणारा आठ आठवड्यांचा कार्यक्रम जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. तिथे येणाऱ्या अनेकांचं दुखणं वर्षानुवर्षांचं होतं आणि नेहमीच्या उपचारांनी त्यांना पुरता आराम पडत नव्हता. दुखणं घालवून देऊ, असं आश्वासन तिथे कुणी देत नव्हतं. दुखण्याभोवती जी धास्ती, चिडचिड आणि ताण जमा होतो तो ओळखायला शिकायचं, एवढंच काम होतं. तुम्ही बसता ते मात्र राग जावा म्हणून. मग मन दर मिनिटाला बघून येतं, 'गेला का?' आणि बघायला गेलं की राग समोर उभाच. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये प्रयोगात लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल तर येतच राहिलं, आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर, आधी दडपणाऱ्यांच्या मनात ते न दडपणाऱ्यांपेक्षा जास्त आलं. तुमच्या भावाचं वाक्य हे तसलंच अस्वल झालंय.

तेव्हा बदल असा करा. वीसऐवजी बारा मिनिटं बसा. डोळे पूर्ण मिटू नका, चार-पाच फुटांवर जमिनीकडे नजर सैल सोडा. आणि लक्ष श्वासावर ठेवण्याचा हट्ट काही आठवडे सोडून द्या. राग आला की श्वासच आधी अडकतो, छाती घट्ट होते, आणि तिथेच लक्ष ठेवलं तर घट्टपणा वाढल्यासारखा वाटतो. त्याऐवजी तळपाय घ्या. टाच कुठे टेकली आहे, अंगठा कुठे, जमीन गार आहे की कोमट. हे तुमचं परतायचं ठिकाण.

उजळणी सुरू झाली, हे लक्षात आलं की तिला मनात एका शब्दाचं नाव द्या. माझ्या मते तीन नावं पुरतात. जुना प्रसंग दिसत असेल तर 'आठवण'. पुढे काय बोलायचं याची जुळवाजुळव चालली असेल तर 'तालीम'. तो माणूसच कसा आहे, लहानपणापासून कसा होता, यावर मन निकाल देत असेल तर 'निकाल'. नाव देताना आवाजाकडे लक्ष असू द्या. 'परत तालीम!' असं स्वतःवर खेकसलात, तर एका रागावर दुसरा राग चढला. सपाट सुरात म्हणा, बातमी वाचल्यासारखं. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या, धोका आणि भीती टिपणाऱ्या, भागाची खळबळ कमी होते, हे मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दाखवलं. पण शब्द एकच असावा. दोन वाक्यं झाली की तीच गोष्ट पुन्हा सुरू होते.

नाव दिल्यावर राग अंगात कुठे आहे ते शोधा. जबडा, घसा, दोन खांद्यांच्या मध्ये, बेंबीच्या वर, जिथे असेल तिथे. त्या जागी तीन-चार श्वास थांबा. ती जागा सैल करायची नाही, फक्त तिची हद्द बघायची: कुठून कुठपर्यंत आहे, स्थिर आहे की ठोके देते. मग तळपायांकडे या, तिथे तीन-चार श्वास. पुन्हा त्या जागी जा. अशा जास्तीत जास्त तीन फेऱ्या. शून्य ते दहा अशी मनात मोजपट्टी ठेवा. राग सातच्या वर गेला तर बसून राहू नका. उठा, खिडकीपाशी जा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, तोंडावर पाणी मारा. चिकाटी म्हणून बसून राहण्यात काही मोठेपणा नाही. चाळीस मिनिटं डोळे मिटून उजळणी केली, तर सराव उजळणीचा होतो आणि ती दिवसेंदिवस सफाईदार होत जाते.

अजून एक ठिकाण आहे जिथे चांगला सराव करणारेसुद्धा घसरतात. भावाचा फोन झाला, अंग तापलं, की लगेच बसायचं, शांत व्हायचं आणि विषय संपवायचा. त्या दिवसापुरतं बरं वाटतं. पण राग जे सांगायला आला होता, ते ऐकलंच जात नाही. 'तू वडिलांना तपासणीला घेऊन जाशील ना?' असं तो सहज म्हणून गेलेला असतो, तुम्ही शांत झालेल्या असता, आणि पुढच्या आठवड्यात दवाखान्यात तुम्हीच बसलेल्या असता. बसून उठल्यावर वहीत एक ओळ लिहायची सवय लावा: 'या रागाला आत्ता नेमकं काय हवं होतं?' उत्तर एका ओळीत यायला हवं.

फोन आला की छाती का धडधडते, हेही सांगते, कारण तो तुम्हाला स्वतःचा कमकुवतपणा वाटतोय. शार्लट विटव्हलीट यांच्या 2001 च्या अभ्यासात 71 विद्यार्थ्यांना त्यांना दुखावणाऱ्या खऱ्या माणसाची आठवण काढायला सांगितली होती. जखम घोळवत मनात आकस धरला की नाडी, रक्तदाब, घामामुळे बदलणारी त्वचेची वाहकता आणि भुवयांच्या स्नायूचा ताण, सगळं वाढलं. त्याच माणसाबद्दल माणूस म्हणून विचार करून बघितला, तेव्हा ते तुलनेने कमी राहिलं. म्हणजे नुसत्या आठवणीने शरीर तयारीला लागतं. फोनची रिंग ही त्या आठवणीची कळ झाली आहे, इतकंच. त्याच्यापुरता रिंगटोन बदला. आणि रिंग वाजली की लगेच उचलू नका. चार मोजत श्वास आत घ्या, सहा मोजत बाहेर सोडा, असं सहा वेळा करा. एक मिनिट लागतं. मग तुम्ही फोन करा. श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा मोठा असणं महत्त्वाचं आहे. जोरात खोल श्वास ओढत राहिलात तर गरगरेल.

आता उजळणी. मनात जो खटला चालतो त्यात दुसरी बाजू हजर नसते, न्यायाधीशही आपणच, म्हणून निकाल लागूनही समाधान होत नाही आणि दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा पडते. याला लोक दोन उपाय सांगतात, दोन्ही अपुरे. एक म्हणजे विचार करू नकोस. त्याचं काय होतं ते वर आलंच. दुसरा म्हणजे सगळं बाहेर काढ, ओरड, उशीवर ठोसे मार. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये हे 600 विद्यार्थ्यांवर तपासलं. आधी त्यांच्या लेखनावर बोचरी टीका करून त्यांना चिडवलं. मग काहींनी टीका करणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारले, काहींनी व्यायाम म्हणून मारले, काही दोन मिनिटं नुसते बसले. सर्वांत जास्त राग पहिल्या गटात उरला. नुसते बसलेले जास्त बरे राहिले. पुढे 2024 मध्ये बुशमन आणि सोफी क्यारविक यांनी 154 अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं, एकत्र करून पाहिली. शरीराची धग उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी राग कमी होतो. धग वाढवणाऱ्या गोष्टींनी एकूण फरक पडत नाही, आणि धावण्याने तर राग वाढल्याचं दिसलं. धावणं तब्येतीला चांगलं आहे, जरूर धावा, पण भावाशी फोनवर बोलणं झाल्या झाल्या नको.

मैत्रिणींशी बोलण्याबद्दलही हेच. तीच हकीकत विसाव्यांदा सांगितली आणि तिने विसाव्यांदा 'काय माणूस आहे!' म्हटलं, की दोघींना जवळीक वाटते आणि राग अजून घट्ट होतो. एक मैत्रीण निवडा आणि तिला सांगून ठेवा: 'मी हे काढलं की मला विचार, आत्ता तुला काय हवंय?' सुरुवातीला तो प्रश्न ऐकून तिचाही राग येईल. येऊ द्या.

उजळणीवर मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते लिखाण. मात्र ते ठरावीक वेळेत आणि ठरावीक दिवस. जेम्स पेनबेकर यांनी 1980 च्या दशकात ज्या पद्धतीचा अभ्यास केला, तिच्यात लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं असतं. झोपण्याआधी नको, किमान दोन तास मध्ये ठेवा. हाताने लिहा, शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवू नका.

तुमच्यासाठी चार दिवस मी असे वाटून देते. पहिल्या दिवशी त्या चौदा महिन्यांत तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहा, बारीकसारीक तपशिलासह. रात्री कितीदा उठावं लागे, कोणती कामं सोडली, पाठ कधी दुखायला लागली. हे लिहिताना भावाचं नावही येऊ देऊ नका. आजवर या कष्टांची नोंद कुणीच केलेली नाही, ती आधी तुमच्या हातून व्हायला हवी. दुसऱ्या दिवशी ते वाक्य आणि तो प्रसंग, जे वाटलं ते सगळं, शिव्यांसकट. तिसऱ्या दिवशी तोच प्रसंग 'मी' हा शब्द न वापरता लिहा. खोलीच्या कोपऱ्यातून कुणी बघतंय अशा नजरेने, स्वतःचं नाव घेऊन: ती तेव्हा गप्प का राहिली, तिला इतकं का लागलं. इथे भर 'काय झालं' यावर न देता 'का' वर द्यायचा. ओझलेम आयडक आणि ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत असं लांबून पाहत 'का' विचारणाऱ्यांचा राग कमी भडकला. आत शिरून 'का' विचारणाऱ्यांचा मात्र भडकला. चौथ्या दिवशी एकच गोष्ट लिहा: मला काय येणं आहे. पान उभं दुमडून दोन भाग करा. डावीकडे जे आता मिळूच शकत नाही ते, उजवीकडे जे अजून मागता येतं ते.

लिहिल्यावर तासभर जड वाटणं ठीक आहे. ते जडपण दोन-तीन दिवस उतरलं नाही, तर लिखाण थांबवा.

डावीकडची यादी लिहिताना बहुधा रडू येईल, आणि इथे जरा थांबायला हवं. मला वाटतं तुमच्या बाबतीत राग आणि आईचं दुःख एकमेकांत अडकून बसलंय. आईच्या शेवटच्या महिन्यांची आठवण आली की वाट त्या वाक्यावरूनच जाते. त्यामुळे राग सोडायचा म्हटलं की मनाला भीती वाटते, त्याबरोबर ते महिनेही पुसले जातील, आणि ते घडले होते याची साक्ष द्यायला कुणी उरणार नाही. ही भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं, आईची अशी एक आठवण काढा ज्यात भाऊ कुठेच नाही. नुसतं 'ती प्रेमळ होती' असं नको, दिसेल असं काही हवं. चष्मा उशीखाली ठेवून नंतर शोधणारा तिचा हात, औषधाची गोळी तोंडात तशीच धरून तुमच्याकडे बघत केलेली तक्रार, तुमच्या आठवणीत जे असेल ते. मध्येच भाऊ आला तर 'निकाल' म्हणा आणि त्या हाताकडे परत या. आईपर्यंत जायची दुसरी वाट रुळली की रागाला धरून ठेवायची गरज कमी होते.

आता माफी. या विषयात सर्वांत जास्त काम केलेल्यांपैकी रॉबर्ट एनराइट यांच्या पद्धतीत चार टप्पे आहेत: राग आणि नुकसान पूर्ण उघड करणं, माफ करायचं का ते ठरवणं, त्यावर काम करणं, आणि त्यातून आपल्यापुरता काही अर्थ लागणं. यात राग पहिल्या टप्प्यात येतो, त्याला वळसा घालून दुसऱ्यावर जाता येत नाही. तुमच्या मैत्रिणींचा सल्ला इथे चुकतो. हेतू चांगला आहे, पण नुकसान मोजायच्या आधीच ते माफ करायला त्या सांगतात. एनराइट हेही ठासून सांगतात की माफ करणं म्हणजे घडलं ते बरोबर ठरवणं नाही, विसरणं नाही, आणि संबंध पूर्वीसारखे करणंही नाही. संबंध जुळायला दोन माणसं लागतात, माफ करायला एक पुरतं.

एव्हरेट वर्दिंग्टन यांनी केलेला एक फरक तुमच्या फार कामाचा आहे. निर्णयाची माफी आणि भावनेची माफी या दोन वेगळ्या आहेत. पहिली एका संध्याकाळी होऊ शकते: मी सूड घेणार नाही, टोमणे मारणार नाही, वडिलांचं मन त्याच्याविरुद्ध कलुषित करणार नाही. दुसरीला महिने, वर्षं लागतात आणि ती हुकमाने येत नाही. तुम्ही मनात 'माफ केलं' म्हणालात तो निर्णय होता, आणि धडधड थांबली नाही म्हणून तुम्ही तो खोटा मानलात. तो खोटा नव्हता, फक्त मोघम होता. आता वहीत तारीख घालून नेमका लिहा. मी काय सोडते, आणि काय सोडत नाही. 'सोडत नाही' या बाजूला कमीत कमी एक ओळ हवीच. राग सोडणं आणि हक्क सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुमच्या मनाने आजवर पहिलं नाकारलंय ते दुसऱ्याच्या धाकाने.

हा धाक अगदी रास्त आहे. लॉरा लुचीस, जेम्स मॅकनल्टी आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये जोडप्यांच्या अभ्यासांतून दाखवलं की चुकणारा माणूस भरपाई करत असेल, 'तू सुरक्षित आहेस, तुझी किंमत आहे' हे वागण्यातून दाखवत असेल, तर माफ केल्याने माफ करणाऱ्याचा स्वाभिमान वाढतो. तसं काही नसताना माफ करत राहिलं तर तो झिजतो. म्हणून कुठलीही अट न ठेवता, काहीही न मागता माफ करून टाका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. वडील तुमच्या घरी असताना तर नाहीच.

भाऊ असं बोललाच कसा, हा प्रश्नही तुम्हाला पोखरत असणार. रॉय बाउमायस्टर यांनी 1990 मध्ये लोकांकडून दोन प्रकारचे प्रसंग लिहून घेतले: मला कुणी दुखावलं ते, आणि मी कुणाला दुखावलं ते. दुखावलेल्यांच्या कथा लांब, परिणाम आजवर चालू असलेल्या. दुखावणाऱ्यांच्या कथेत तो एक सुटा प्रसंग, कारणांसह घडलेला आणि केव्हाच संपलेला. तुमच्या भावाला ते वाक्य बहुधा आठवतही नसेल. कदाचित न येऊ शकल्याची त्याची स्वतःची टोचणी त्या वाक्याने झाकली गेली असेल. मी हे त्याच्या बाजूने बोलत नाही. 'त्याला सगळं कळतं आणि तरी तो मुद्दाम गप्प आहे' हे गृहीत धरून तुम्ही तीन वर्षं वाट पाहत आहात, आणि ते गृहीतक बहुधा चुकीचं आहे, म्हणून सांगते. न सांगता त्याला कळणार नाही.

स्टॅनफर्डमध्ये क्षमेवर काम करणारे फ्रेड लस्किन अशा अपेक्षांना अंमलात आणता न येणारे नियम म्हणतात. 'त्याने स्वतःहून मान्य करायलाच हवं' हा तसा नियम आहे. त्याने नाही केलं तर तुमच्या हातात काय? वाक्य बदला: 'त्याने मान्य करावं असं मला फार वाटत होतं, अजून वाटतं, आणि ते मिळालेलं नाही.' मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या वाक्यात राग आहे, दुसऱ्यात दुःख. दुःख जास्त बोचतं, पण ते ओसरू शकतं.

मैत्रीभावनेचा, म्हणजे एकेका माणसाचं मनात भलं चिंतण्याचा, सराव करत असाल तर भावाला त्यात इतक्यात घेऊ नका. आधी दोन आठवडे फक्त स्वतःला, विशेषतः त्या चौदा महिन्यांतल्या तुम्हाला. मग ओळखीपाळखीचा, ज्याच्याबद्दल फार काही वाटत नाही असा माणूस. भाऊ शेवटी, आणि तोही झेपेल अशा वाक्यात. 'तो सुखी होवो' म्हणताना दात आवळले जात असतील तर 'त्याचं वाईट व्हावं ही माझी इच्छा कमी होवो' इतकंच म्हणा. प्रामाणिक आहे, पुरेसं आहे.

आता सहा आठवडे. पहिले दोन सकाळच्या बैठकीला आणि चार दिवसांच्या लिखाणाला द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भावाशी बोला. लग्नाच्या आधीच, फोनवर, दोघंच. आधी विचारा, 'वीस मिनिटं आहेत का, मला एक बोलायचंय.' राग चारच्या वर असेल त्या दिवशी नको. बोलायचं ते आधी कागदावर तीन-चार वाक्यांत बसवा. साधारण असं: 'दादा, आई गेल्यावर तू सगळ्यांसमोर म्हणालास की मी घरीच होते, मला वेगळं काही करावं लागलं नाही. मला ते फार लागलं, अजून लागतं. त्या चौदा महिन्यांत मी काय केलं ते तू एकदा ऐकून घ्यावंस असं मला वाटतं. आणि बाबांचं आपण दोघांनी वाटून घ्यायचंय.' 'तू नेहमीच', 'तू कधीच' हे शब्द आले की तो त्या शब्दांवर भांडेल आणि मुद्दा हातचा जाईल. लहानपणचं काही काढू नका. वहिनीचं तर नावच नको.

वडिलांच्या बाबतीत मागणी मोजता येईल अशी ठेवा. 'जरा लक्ष दे' याचा काही उपयोग नाही. महिन्यातले किती दिवस ते त्याच्याकडे राहतील किंवा तो इथे येईल, तपासण्यांना कोण नेणार, खर्चाचा वाटा किती, तुम्ही आजारी पडलात तर काय. ठरलं की त्याच दिवशी त्याला मेसेजमध्ये लिहून पाठवा.

तो तीनपैकी एका प्रकारे वागेल. ऐकून घेईल. किंवा 'मी असं म्हणालोच नाही' म्हणेल, तेव्हा पुरावे देत बसू नका. 'तुला आठवत नसेल, मला तसं ऐकू आलं आणि लागलं' इतकं पुरे, मग सरळ वडिलांच्या मुद्द्यावर या. किंवा चिडेल. मग 'आपण परवा बोलू' म्हणून फोन ठेवा, आणि परवा खरंच करा. माफीचे शब्द नाही मिळाले तरी वडिलांची व्यवस्था लागली तर रागाच्या मुळाशी असलेल्या मागणीचा मोठा भाग पुरा झाला. दोन्ही नाही झालं, तर तुम्ही एकट्याने काय करू शकता आणि काय करणार नाही, ती हद्द ठरवा आणि त्याला कळवा. ती हद्द आखणं म्हणजे आकस नव्हे.

लग्नात तो बोलून जाऊ शकतो, 'आईचं सगळं आम्ही केलं.' त्यासाठी एक वाक्य आधीच पाठ करून ठेवा: 'त्या वर्षाबद्दल माझी आठवण वेगळी आहे, आपण दोघं नंतर बोलू.' तळपायांवर लक्ष, सावकाश सोडलेला एक श्वास, हे वाक्य, आणि मग तिथून बाजूला. घरी आल्यावर त्या रात्री कुणालाही हकीकत सांगू नका. मोजपट्टीवरचा आकडा वहीत लिहा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एका मैत्रिणीशी बोला.

राग परत येईल, माफ केल्यावरही. वर्षश्राद्धाला येईल, वडील आजारी पडले की येईल. त्याने आधीचा निर्णय रद्द होत नाही. फरक बघायचा तो उतरायला किती वेळ लागतो यात. आज त्याच्या फोननंतर दिवस खराब होत असेल, तर काही महिन्यांनी तासाभरात कामाला लागता येतं का, हे पाहा.

एक गोष्ट मात्र टाळू नका. झोप आठवडेच्या आठवडे मोडत असेल, बसल्यावर जुने प्रसंग आत्ता घडताहेत असे अंगावर येत असतील, स्वतःला किंवा त्याला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ध्यान बाजूला ठेवा आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. वडिलांसाठी जशी वेळ ठरवून नेता, तशीच स्वतःसाठी.